टाकीवरचा हवेचा स्क्रू

मिस्त्रीने कार्ब्युरेटर तिसऱ्यांदा उघडला, तेव्हा त्याच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. काठावरच्या यच्चयावत होड्यांची इंजिनं त्याच्या हाताखालून गेलेली, आणि सख्ख्या भावाचं इंजिन मात्र त्याची अब्रू काढत होतं.

वहिनी नदीपलीकडच्या दवाखान्यात नर्स होती. दादा रोज सकाळी तिला होडीने सोडायला जायचा, आणि रोज नेमकं मधल्या धारेत इंजिन आचके देत बंद पडायचं. मिस्त्रीने फिल्टर बदलला, नळी बदलली, प्लग घासले. धक्क्याला बांधून तासभर चालवलं की लेकाचं कसं शहाण्यासारखं चालायचं. सकाळी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. शेवटी दादा चारचौघांत म्हणाला, की याच्या हाताला गुणच उरला नाही. मिस्त्रीने पाना आपटला आणि उद्या मी स्वतः येतो म्हणून बजावलं.

सकाळी तिघं निघाले. वहिनी मागे टाकीला लागून, नाकाला रुमाल लावून बसली. मधल्या धारेत इंजिन गचकलं. दादाने नुसती भुवई उडवली.

मिस्त्रीने पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा चाचपला. तो चोखलेल्या आंब्यासारखा चपटला होता. म्हणजे इंजिन बिचारं जीव खाऊन ओढत होतं, टाकीच पेट्रोल सोडत नव्हती. त्याने झाकण सैल केलं. सुस्सकन हवा आत गेली, फुगा टरारला. झाकणावरचा हवा घेण्याचा स्क्रू गच्च आवळलेला होता.

"हा उघडायचा असतो, एवढंही कळत नाही तुला?"

दादा उखडला. निघताना मीच उघडला, तूच झाकणाशी खेळला असशील, असं तो म्हणाला. मग दोघांनी लहानपणापासूनची उणीदुणी काढली. होडी आपली धारेबरोबर खाली चालली.

"मी बंद करते," वहिनी म्हणाली. "रोज. पेट्रोलच्या वासाने पोटात ढवळतं."

"अहो वहिनी, आजवर कधी ढवळलं नाही ते!"

"आता दिवस गेलेत, भाऊजी."

दादाने, मला का नाही सांगितलंस, असं कसंबसं विचारलं.

"दोनदा सगळ्यांना सांगून झालं," ती म्हणाली, "आणि दोन्ही वेळा मागाहून सगळ्यांची समजूत मलाच घालावी लागली. या खेपेला म्हटलं, थोडे दिवस जाऊ देत."

मिस्त्रीच्या घशाशी आलेल्या चार शिव्या तिथेच विरल्या. त्याने टाकी उचलून आपल्या पायाशी घेतली आणि वहिनीला पुढे, वाऱ्यावर बसवलं. दादाने दोरी ओढली. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं, तसं त्याने होडीचं तोंड घराकडे वळवलं.

"मागे कुठे निघालात?" वहिनी वैतागली. "आधीच उशीर झालाय. तिकडे पेशंट खोळंबलेत माझे."