पुढची बाजू नसलेला मुलगा

सिंगापुरात टॅम्पिनीसच्या मॉलमध्ये, सरकत्या जिन्यांच्या मधोमध तो उभा होता: गुटगुटीत, उघडाबंब, एका पायावर, वळवळता डॉल्फिन छातीशी आवळून. इटलीतल्या एका कारंज्यासाठी साडेपाचशे वर्षांपूर्वी घडवलेल्या मुलाची ही प्रतिकृती. दोन महिने मुक्काम.

गार्गीची आज परीक्षा होती. दहा मिनिटं लोकांना हे शिल्प दाखवायचं. जमलं, तर दर शनिवारी स्वयंसेवक गाईड. पुण्यात शिल्पकला शिकलेल्या बाईचे हात जाई झाल्यापासून चार वर्षं मातीऐवजी कणकेतच होते. घराबाहेरचं, तिचं स्वतःचं असं हे पहिलंच काम ठरणार होतं.

परीक्षक मिसेस कोह वही घेऊन खांबाशी उभ्या. नवऱ्याला, प्रबोधला, ऐनवेळी ऑफिसातून बोलावणं आलेलं, म्हणून जाईही सोबत.

"बाकावरून हलायचं नाही हं, राणी."

"ओके ला," जाई इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली.

गार्गीनं पाठ केलेलं इंग्रजी सुरू केलं. समोर दहा-बारा माणसं. एकानं फोटो काढला नि गेला. मग दुसरा. "या शिल्पाला पुढची बाजू अशी नाहीच, भोवती फिरून बघायचं," ती सांगत होती, आणि सगळे पुढेच खिळलेले.

तेवढ्यात जाई उठली. सँडल काढून तिनं चौथऱ्यापुढे जोडीनं ठेवले, हात जोडले आणि निघाली की प्रदक्षिणेला! चूक गार्गीचीच. शिल्प म्हणजे काय ते पोरीला कळेना, म्हणून सकाळी तिनंच सांगितलं होतं, मोठ्ठी मूर्ती बघायला जायचंय.

गार्गी तिला अडवायला पुढे झाली. पण पुढच्या दोन आज्यांनी ते सँडल बघितले. इथल्या माणसाला नियम दिसला की पुरे! त्यांनी निमूट चपला काढल्या. त्यांचं बघून कॉलेजच्या पोरांनी बूट. बघता बघता सगळी रांग जाईमागे.

गार्गीनं हातातला टिपणांचा कागद मिटला आणि सोबत चालू लागली. "आता खांदा बघा. आणखी दोन पावलं. मासा सुटतोय की नाही?"

मागून गोबरं ढुंगण दिसलं, तशी एक आजी खुदकन हसली. "माय ग्रँडसन! सेम सेम!"

लोक पांगल्यावर मिसेस कोह आल्या. "शूज काढायला लावणं, ही तुमचीच कल्पना?"

हो म्हणणं सोपं होतं.

"नाही. माझ्या मुलीला हे देऊळ वाटलं."

मिसेस कोहनी वहीत काहीतरी लिहिलं. "अनवाणी माणूस पटकन निघून जात नाही, हे मात्र खरं. शनिवारी अकराला या. शूज घालूनच फिरवा, कुणी घसरायला नको. आणि मुलगी घरी."

गार्गीनं जाईला कडेवर घेतलं, तिच्या मळलेल्या तळव्यांवरून हात फिरवला आणि फोन लावला.

"प्रबोध, दर शनिवारी अकरा ते एक जाई तुझ्याकडे."

"अगं, पण माझं बॅडमिंटन…"

"विचारत नाहीये रे. सांगतेय."