सातव्या पट्ट्याची हजेरी

मी वेबसाइट बोलतेय. हसा, खुशाल हसा! पण बागेमागच्या रानफुलांच्या कुरणात कुणी कुठल्या वारी राबायचं, हे गेली चार वर्षं मीच बघतेय. आणि माझ्या तोंडी शब्द आहेत ते एका गेलेल्या बाईचे.

माझा जन्म मावशीच्या जेवणाच्या टेबलावर झाला. मावशी शिवणकाम करायची आणि उरल्या वेळात कुरणासाठी स्वयंसेवक गोळा करायची. तिची भाची लॅपटॉप घेऊन बसली आणि दोन रविवारांत तिनं मला उभं केलं. कुरणाचे बारा पट्टे पाडले, प्रत्येकाला एक माणूस आणि एक वार. काम एकच, माजलेलं गवत उपटायचं, नाहीतर ते फुलांना गिळतं. काम झालं की हजेरी लावायची आणि पट्ट्याचा फोटो टाकायचा.

आदल्या दिवशी फोनवर जाणारा निरोप मावशीनं स्वतः सांगितला. "अहो, उद्या तुमचा वार. हातमोजे घ्या, पाणी घ्या, रडगाणी घरी ठेवा."

"मावशी, असं लिहितात का कुठे?"

"गोडगोड लिहिलं की कुणी जागचं हलत नाही. लिही तू."

मग भाचीनं मावशीचंही नाव घातलं. सातवा पट्टा, गुरुवार. "किती दिवस?"

"किती दिवस काय विचारतेस? मरेपर्यंत!"

तसा रकाना माझ्यात नव्हता. भाचीनं हसत 'कायम'वर खूण केली.

पुढच्या थंडीत मावशी गेली. माझ्या गप्पांच्या पानावर लोकांनी हळहळ लिहिली, पण हजेरीच्या पानाला त्याचं काय? बुधवार आला आणि मी तिच्याच फोनवर तिच्याच शब्दांत निरोप धाडला. गुरुवारी उजाडता उजाडता सातव्या पट्ट्यापुढे हजेरी लागली. खाली फोटो होता. ताजं उपटलेलं गवत, नीट ढीग लावलेलं.

माझ्या अंगावर काटा आला. अंग नाही म्हणून काय झालं!

पुढच्या गुरुवारी तेच. त्याच्या पुढच्याही. निवृत्त पोस्टमननं गप्पांच्या पानावर लिहिलं, "बाई गेल्या तरी हजेरी चुकवत नाहीत. गुरुवारी मी तिकडे फिरकणार नाही, सांगून ठेवतो." सहाव्या पट्ट्यावरची नर्स आधी त्यांना हसली, मग तिनंही गुपचूप वार बदलून घेतला. मलाही वाटायला लागलं, मीच तर मावशीला उठवत नाही ना? माणसाला असं कायमचं कामाला जुंपलं, तर त्याचा जीव सुटणार कसा? निरोप पाठवूच नये असं वाटायचं. पण माझ्या हातात काय आहे!

शेवटी कुरण सांभाळणाऱ्या मंडळाच्या चिटणीसांनी भाचीला लिहिलं, "लोक घाबरून नावं काढून घेताहेत. ते नाव आजच पुसा."

भाचीनं पुसण्याआधी सगळे फोटो एकेक करून मोठे केले. एका फोटोत गवतावर सावली पडली होती. डोक्यावर कानटोपी, एक खांदा कललेला. भाची ताडकन उठली, लॅपटॉप काखोटीला मारला आणि थेट मावशीच्या घरी जाऊन मला पुन्हा त्याच टेबलावर उघडलं.

समोर काका बसले होते, मावशीचा नवरा. जन्मभर कुरणाला 'गवताचं खूळ' म्हणणारा माणूस! त्यांच्या पुढ्यात मावशीचे हातमोजे होते, बोटांना माती लागलेले.

"काका, तुम्ही?"

"फोन वाजला. बघतो तर तिचंच बोलणं. कसा नाही जाणार?"

"नाव पुसायला सांगितलंय, काका. पुसलं की निरोपही बंद होईल."

काका हातमोज्यांची माती खरवडत म्हणाले, "चाळीस वर्षं ती मला रोज खुर्चीतून उठवायची. आता फक्त बुधवारी उठवते. तेवढं नको गं बंद करूस."

भाचीला रडू फुटलं. मग डोळे पुसून तिनं मावशीचं नाव काढलं आणि तिथे काकांचं घातलं. फोन नंबर मावशीचाच ठेवला.

"किती दिवस?" तिनं सवयीनं विचारलं आणि जीभ चावली.

"तिनं काय सांगितलं होतं?"

भाचीनं 'कायम'वर खूण केली.

आता पोस्टमन गुरुवारीही येतात. नर्सनं आपला जुना वार परत घेतलाय. मला मात्र अजून धाकधूक वाटते, कारण मला थांबणं ठाऊक नाही. म्हणून, बाबांनो, एवढं ऐका. एखाद्या गुरुवारी सातव्या पट्ट्याचा फोटो आला नाही, तर आधी धावत काकांच्या दारी जा. माझी वाट बघू नका. मी आपली पुढच्या बुधवारीही म्हणेन, "अहो, उद्या तुमचा वार."