पडदे रंगवणाऱ्या आजींचा आवाज

मित्रांनो, डोळे मिटा आणि खिडकी नसलेल्या एका खोलीची कल्पना करा. भिंतीभर लोखंडी मांडण्या, मांडण्यांवर पुठ्ठ्याची चपटी खोकी. वर पुढारी, मध्ये लेखक, खाली कलावंत. सगळे एकाहून एक बोलके. पण खोलीत शब्द नाही. तिथल्या तळाच्या फळीवरची मी एक जुनी ध्वनिफीत आहे.

रेडिओ केंद्रात माझ्यावर एका बाईंची मुलाखत उतरली. त्या नाटकांचे पडदे रंगवायच्या. नखांतला निळा रंगही निघाला नव्हता.

"जाहिरातीत तुमचं नाव कधीच नसतं. राग येत नाही?" निवेदकाने विचारलं.

"राग कसला? टाळ्या पडतात त्या पडदा पडल्यावर. म्हणजे माझ्याच की!"

काचेपलीकडचा तंत्रज्ञसुद्धा हसला. मुलाखत दोनदा लागली, श्रोत्यांची पत्रं आली. मी अगदी फुगून गेले.

आम्हाला सांभाळणारे काका शिस्तीचे. फीत वाजून संपली की ती तशीच, शेवटचं टोक बाहेर ठेवून खोक्यात घालायची. म्हणजे ती सपाट बसते. ऐकण्याआधी मात्र उलटी गुंडाळून सुरुवातीला आणायची. काका निवृत्त झाले आणि ही रीत त्यांच्याबरोबर गेली. नव्या माणसाने मला न गुंडाळताच यंत्रावर चढवलं. मी शेवटाकडून बोलू लागले. त्याला नुसती गुरगुर ऐकू आली. त्याने खोक्यावर लाल शाईने लिहिलं, 'खराब'.

पुढे एकवीस वर्षं मला कुणी हात लावला नाही. पोटात एवढं हसू, आणि ऐकायला कोणी नाही! शेजारणींशी बोलावं, तर त्याही माझ्यासारख्याच मुक्या.

मग खराब फिती मोडीत काढायचं ठरलं. आम्हाला ढकलगाडीवर रचलं. त्याच दिवशी एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. पडदे रंगवणाऱ्या बाई त्यांची आई. मुलीच्या जन्माआधीच त्या गेल्या होत्या. घरी त्यांचे फोटो होते, आवाज नव्हता.

"फीत खराब आहे गं," संग्रह सांभाळणाऱ्या ताई म्हणाल्या.

"किती खराब? थोडी असली तर चालेल मला."

ताईंना हसू आलं. त्यांनी मला लावलं. पुन्हा तीच गुरगुर.

बाबा उठले. "चल बाळा. नशिबात नाही."

"थांबा हो बाबा! मोबाइलवर मी तुमचं बोलणं उलटं लावते, तेव्हा तुम्हीही असेच गुरगुरता!"

ताई चपापल्या. त्यांनी मला पूर्ण गुंडाळून घेतलं आणि कळ दाबली.

"आधी मला नीट बसू द्या. केवढी उंच खुर्ची ही!" बाई म्हणाल्या.

बाबा यंत्राजवळ परत आले. "आई," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

"अय्या, आजी माझ्यासारखीच भरभर बोलते!"

मुलांनो, कुणालाही मुका ठरवण्याआधी, त्याचं कसं ऐकायचं ते आपल्याला ठाऊक आहे का, एवढं पाहत जा.

मी संपले. बाबा डोळे पुसत दाराकडे वळले. मुलगी मात्र ढकलगाडीपाशी गेली. सगळ्यात वरचं खोकं तिने दोन्ही हातांनी उचललं. त्यावर कुणा लेखकाचं नाव होतं.

"हे कोण?"

"मलाही नाही माहीत," ताई म्हणाल्या.

तिने ते खोकं यंत्राशेजारी ठेवलं आणि खुर्चीवर मांडी घालून बसली.