नदीकडे पाठ असलेली पाटी

मी एक जुनी पाटी आहे. पत्र्याची, दोन लोखंडी पायांवर उभी आणि पुण्याची. म्हणजे स्वभावाबद्दल वेगळं सांगायला नको. कर्वेनगरच्या मागच्या अंगाला, मुठेच्या काठी झाडांची एक छोटीशी राखीव जागा आहे. वाळुंज, करंज, दोन-चार उंबर, एक बांबूचं बेट आणि मधून फिरणाऱ्या दोन पायवाटा. एक वाट वरून, बांबूच्या कडेने जाते. दुसरी खाली उतरते ती थेट नदीकाठच्या काळ्या कातळापर्यंत. ती जिथे उतरायला लागते, तिथे मला रोवलं आहे. माझं तोंड वर, येणाऱ्या माणसांकडे. नदी माझ्या पाठीमागे. मित्रांनो, एवढी वर्षं तिच्या शेजारी काढली, पण मी नदी कधी पाहिलेली नाही. ती मला ऐकू येते आणि पायांना कळते.

माझी अक्षरं सुदर्शनकाकांनी काढली. एका कारखान्यात नकाशांवर अक्षरं काढण्यात त्यांची सगळी नोकरी सरली होती, आणि निवृत्त झाल्यावर ही झाडं सांभाळणाऱ्या मंडळात ते शिरले. अक्षर असं की बघत राहावं! पहिल्यांदा त्यांनी माझ्यावर लिहिलं होतं, ‘सावधान. धरणातून पाणी सोडल्यास ही वाट बुडते. कृपया पुढे जाऊ नये.’ झालं. स्वच्छ, सभ्य आणि कोणीही न वाचलेलं. लोक माझ्या खांबाला कुत्रं बांधायचे आणि खाली उतरायचे. कोणी माझ्या डोक्यावर ओला टॉवेल वाळत घालायचं.

खरं तर वाचायलाही नको होतं. नुसती मान वर केली असती तरी कळलं असतं. तिथल्या वाळुंजांच्या फांद्यांवर, माणसाच्या डोक्याच्याही वर, चिंध्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या लटकलेल्या असतात. लहान मुलं विचारतात, “आई, इतक्या उंच कपडे कोणी वाळत घातले?” आई म्हणते, “चल पुढे.” नदीने घातले, बाळा. ती तिथपर्यंत येते. आणि ती येते तेव्हा इथे पाऊस असतोच असंही नाही. पाऊस लांब डोंगरात पडतो, धरण भरतं, आणि इकडे कर्वेनगरात छान ऊन पडलेलं असताना पाणी गुपचूप वर चढतं.

काका वैतागले. “सरळ सांगितलेलं या लोकांना कळत नाही,” म्हणाले, आणि जुनी अक्षरं पुसून माझ्यावर नवी काढली:

पुढे खुशाल जावे.
नदी लोणी काळभोरपर्यंत फुकट नेऊन सोडते.
— हुकुमावरून

आणि काय सांगू! त्या दिवसापासून लोक थांबायला लागले. वाचायचे, खो खो हसायचे, एकमेकांना टाळ्या द्यायचे. एका कॉलेजच्या मुलीने माझा फोटो काढून सगळीकडे पाठवला आणि मी प्रसिद्ध झाले. हडपसरहून माणसं मोटारसायकली काढून मला बघायला यायची. मला आवडत होतं, खोटं कशाला बोलू? कुत्रं बांधून घेण्यापेक्षा हे बरं. काका तर रोज सकाळी हात पाठीमागे बांधून बांबूपाशी उभे राहायचे आणि कोण किती हसतं ते ऐकायचे. कोणी विचारलंच, तर “अक्षर आमचं” एवढंच म्हणायचे.

फक्त एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. माझा फोटो काढायचा, त्यात अक्षरंही दिसली पाहिजेत, आपणही दिसलो पाहिजे आणि नदीही आली पाहिजे, तर काय करावं लागतं? फोन धरणारा वर उताराला राहतो. फोटोत येणारा मला ओलांडून खाली जातो आणि त्या काळ्या कातळावर उभा राहतो. तोंड फोनकडे आणि पाठ नदीकडे. ज्या जागी जाऊ नका असं मी सांगत होते, नेमक्या त्याच जागी लोक माझ्यामुळे उभे राहायला लागले. पूर्वी दिवसाकाठी दोघं-चौघं उतरायची. आता रांग लागायची.

तिथला रखवालदार नागोराव. नांदेडकडचा, उंच, शांत माणूस. तो आणि त्याची बायको मालनबाई वाटा झाडायचे, फांद्या तोडायचे. त्याच्या गळ्यात शिट्टी असायची. पुलाकडून पाणी सोडल्याचा भोंगा वाजला की तो पळत यायचा आणि शिट्टी फुंकायचा. खालून उत्तर ठरलेलं, “मामा, एकच मिनिट!”

गेल्या वर्षी श्रावणात भोंगा वाजला तेव्हा लख्ख ऊन होतं. माझ्या मागे कातळावर एक जोडपं होतं आणि त्यांचा मित्र वरून फोटो काढत होता. माझ्या पायांना माती गार लागायला लागली होती. काठावरच्या खंड्या पक्ष्याचा आवाज बंद झाला होता. नागोरावाने शिट्टी वाजवली, हात हलवले, आणि मग तो माझ्या शेजारून खाली गेला. ती दोघं धापा टाकत वर आली. मुलगी हसत होती. तिला वाटलं, गंमत झाली. माझ्यामागे शिट्टी एकदा वाजली, अर्धवट. नागोराव काही वर आला नाही.

तो सापडला लोणी काळभोरच्या अंगाला.

मित्रांनो, मला वाटलं, आता तरी माझ्याकडे बघून कोणी हसणार नाही. आठवडाभर नाहीच हसलं. मग गर्दी दुप्पट झाली. “हीच ती पाटी, तो माणूस गेला ना, तीच!” असं म्हणत लोक त्याच कातळावर उभे राहायला लागले. मला लाज वाटत होती, आणि भीती तर त्याहून जास्त. पत्र्याला घाम फुटत नाही म्हणून, नाहीतर सगळी अक्षरं ओघळली असती.

नवऱ्याची शिट्टी मालनबाईने गळ्यात घातली. तिला वाचता येत नाही, पण लोकांनी मोठ्याने वाचून वाचून माझं वाक्य तिला पाठ झालं होतं. लोणी काळभोर हे शब्द आले की ती झाडू थांबवायची. एक दिवस तिने काकांना गाठलं.

“साहेब, ते पुसून टाका हो.”

“अहो मालनबाई, वाक्याचा काय दोष? धोकाच तर लिहिलाय त्यात.”

“लोक त्याच्यासाठीच येतेत न साहेब. कातळावर जातेत.”

“पाटी काढली तरी जाणारे जाणारच,” काका म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. नागोरावाचं त्यांना वाईट वाटलं नव्हतं असं नाही. त्याच्यासाठी ते रडलेही होते, मी पाहिलंय. पण हयातभर दुसऱ्यांच्या नकाशांवर अक्षरं काढलेला माणूस तो. हे एकच वाक्य त्याचं स्वतःचं होतं. ते पुसायला हात धजावत नव्हता.

मालनबाईने पिच्छा सोडला नाही. दर आठवड्याला विचारायची. यंदाच्या श्रावणात एका बापाने आपलं दोन वर्षांचं पोर एकटंच कातळावर उभं केलं आणि फोटोसाठी स्वतः मागे सरकला. मालनबाईने जाऊन ते पोर उचलून आणलं, बापाच्या शिव्या खाल्ल्या आणि तशीच चिखलाच्या पायांनी काकांच्या दारात जाऊन उभी राहिली. काय बोलली ते मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काका पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आले.

डबा त्यांनी माझ्यासमोर ठेवला. झाकण उघडलं. ब्रश बुडवला. मग माझ्याकडे नीट पाहिलं, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसले. ते हसू मी फोटोला उभं राहणाऱ्यांच्या तोंडावर हजारदा पाहिलं होतं.

“मालनबाई, एक काम करा. पुसायच्या आधी एक फोटो घ्या आमचा. आठवण राहील.”

त्यांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला, फोन तिच्या हातात दिला, कुठे बोट दाबायचं ते दाखवलं आणि ती नको नको म्हणत असताना मला ओलांडून खाली गेले. मला मागचं दिसत नाही. मला दिसत होता तो फक्त मालनबाईचा चेहरा.

पुलाकडून भोंगा वाजला. ऊन होतंच. माझे पाय घोट्यापर्यंत गार पडले. ती फोनमधून माझ्यामागे बघत होती, आणि तिचा चेहरा राखेसारखा झाला.

“साहेब, वर या! पाणी आलं!”

“अहो, ओरडू नका, फोटो हलेल. अक्षरं येतायत ना सगळी?”

तिने शिट्टी फुंकली. दम संपेपर्यंत फुंकली. काका मागून म्हणाले, “एकच मिनिट!” तिने एक पाऊल खाली टाकलं. माझ्या खांबाला हात लावला आणि तिथेच थांबली. नागोराव इथूनच खाली गेला होता.

मग तिने फोन खाली टाकला, ब्रश उचलला आणि माझ्या तोंडावर फासला. एक फटकारा, दुसरा, तिसरा. खुशाल गेलं, नदी गेली, लोणी काळभोर गेलं. ती रडत होती आणि रंगवत होती. “घ्या! पुसलं!” ती ओरडली. “आता काय यायचं तुमच्या फोटोत?”

“अहो, काय करताय हे? थांबा! थांबा म्हणतो ना!”

धडपडत, ठेचकाळत काका वर आले. अक्षरं वाचवायला आले होते. तिच्या हातातला ब्रश त्यांनी ओढला आणि म्हणाले, “सत्यानाश केलात माझ्या अक्षराचा!” आणि मग तिच्या नजरेमागोमाग त्यांनी मागे वळून पाहिलं.

पाणी माझ्या पायांशी वळसे घेत होतं. मालनबाईने त्यांचा दंड धरून त्यांना वरच्या वाटेला नेलं आणि ते मुकाट्याने गेले.

मित्रांनो, आता मी कोरी आहे. पांढऱ्या रंगाचे ओघळ तसेच वाळले आहेत. कोणी हसत नाही, कोणी फोटो काढत नाही. परवा कोणीतरी पुन्हा कुत्रं बांधलं, बांधू दे. मंडळात म्हणे चर्चा चालली आहे की ते प्रसिद्ध वाक्य होतं, पुन्हा लिहून घ्यावं. तुमच्या ओळखीचं कोणी त्या मंडळात असेल तर हात जोडून सांगा, नका लिहू. आणि तुम्ही कधी नदीकाठच्या वाटेवर फिरायला गेलात तर पाट्या वाचल्या नाहीत तरी चालेल, पण नदीकडे पाठ करून उभे राहू नका. माझी पाठ तिच्याकडे आहे, मला वळता येत नाही. तुम्हाला येतं.