अडाणीपणाची तालीम

अकरा वर्षं खपून मी आमच्या पाड्याला शहाणं केलं आणि चार दिवसांत पुन्हा अडाणी केलं. दुसरं काम मला जास्त चांगलं जमलं असावं, कारण सत्कार त्याबद्दल झाला. तोही ठाण्याला नेऊन, नौपाड्यातल्या एसी हॉलमध्ये, खांद्यावर शाल टाकून.

मी मालन, पाड्याची आशा सेविका. खडवली स्टेशनला उतरून सात किलोमीटर आत आलात की आमची चाळीस घरं. कोणाला दिवस गेले, कोणाच्या पोराचा डोस राहिला, कोण लोहाच्या गोळ्या नवऱ्यासमोर गिळते आणि मागच्या दारी थुंकते, हे मला तोंडपाठ असतं. या बायकांच्या मागे लागून मी माझ्या चपला झिजवल्यात. नाळेला काही लावायचं नाही, बाळाला पहिलं दूध पाजायचंच, हे मी इतक्या वेळा बोललेय की आता माझ्याआधी त्याच बोलून मोकळ्या होतात.

या शहाण्या पाड्यात गेल्या वर्षी ‘सुदृढ कुटुंब अभियान’ आलं. आणणारी संस्था नौपाड्यातली, पैसा कोलशेतच्या एका कंपनीचा. संस्थेच्या रुचिता मॅडम दर गुरुवारी यायच्या. पोरगी स्वभावाने वाईट नव्हती, पण अक्कल सगळी लॅपटॉपमध्ये ठेवून यायची. पहिल्याच धड्यात तिने बायकांना सांगितलं, रोज दहा हजार पावलं चालत जा. समोर बसलेल्या बायका पहाटेपासून पाणी, गुरं, लाकूडफाटा करून आलेल्या. गोदूबाई म्हणाली, “पोरी, पावलं मोजत बसलं तं भात कोण लावील?” मॅडम हसल्या आणि वहीत लिहून घेतलं, ‘व्यायामाबाबत उदासीनता’.

मग ताण घालवायचा धडा झाला. डोळे मिटा, समोर समुद्र आणा, म्हणाल्या. पाच मिनिटांत निम्म्या बायका गाढ झोपल्या. सासरी दुपारी झोपायची परवानगी पहिल्यांदाच मिळाली होती, कोण सोडतंय? त्या झोपेचे फोटोही निघाले. ‘ध्यानाची पहिली अनुभूती.’

एवढं सगळं मी का चालवून घेतलं? गाडीसाठी. कंपनी तीन गावांत अभियान करणार होती आणि शेवटी एका गावाला दर आठवड्याला तपासणीची गाडी देणार होती, नर्स आणि बीपीच्या मशीनसकट. ज्या गावात सर्वांत जास्त सुधारणा दिसेल, त्या गावाला. असं रुचिता मॅडमनी मला माझ्या ओटीवर बसून सांगितलं, माझ्या हातचा चहा पिऊन.

ती गाडी मला लक्ष्मीसाठी हवी होती. लक्ष्मी म्हणजे गंगुबाईची सून, भिवाची बायको. चार वर्षांपूर्वी तिला आठवा महिना होता. एका सकाळी ती स्वतः चालत माझ्या दारात आली आणि म्हणाली, “ताई, पाय सुजलेत, तोंड पण. डोकं ठणकतंय आणि डोळ्यांपुढे काजवे येतायत. तुम्ही सांगितलेलं ते हेच ना?” हेच होतं. मी सात वाजता दवाखान्याच्या गाडीला फोन केला. निघाली म्हणाले. नऊला केला, निघाली म्हणाले. अकरा वाजता भिवाने तिला मोटरसायकलवर मध्ये बसवलं, मागे मी तिला धरून बसले. खडवलीच्या अलीकडेच तिला झटके सुरू झाले. लक्ष्मी वाचली. पोरगी नाही वाचली.

तेव्हापासून गंगुबाईचं एकच पालुपद. “हिला कललंच नाय. ही उशिरा बोलली, म्हणून माझी नात गेली.” आणि लक्ष्मीचं एकच उत्तर, “आत्या, मला कळलं होतं. गाडी आली नाही.” चार वर्षं त्या घरात हे एकच भांडण, भाकरी थापताना, भांडी घासताना, पाहुण्यांसमोर. आता लक्ष्मीला पुन्हा पाचवा महिना होता. तिचं बीपी दर आठवड्याला पाहायला हवं, असं डॉक्टरांनी लिहून दिलेलं. पाहायचं कशाने? उपकेंद्रातलं मशीन दिवाळीपासून बंद होतं.

तर अभियानाच्या सुरुवातीला बायकांची परीक्षा घ्यायची असते. शेवटी तीच परीक्षा पुन्हा घ्यायची आणि फरक दाखवायचा. पहिली परीक्षा झाली आणि पाड्याला शंभरात एक्क्याण्णव पडले. माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू! अकरा वर्षांत कोणी माझा निकाल लावला नव्हता. आणि रुचिता मॅडमचा चेहरा बघावा, घरात सुतक पडल्यासारखा.

“मालनताई, हे खूपच हाय आलंय.”

“चांगलंच की मग.”

“चांगलं आहे हो, पण मग इम्पॅक्ट कुठे दाखवू? एक्क्याण्णववरून शंभर? बाकीच्या दोन गावांत वीस-बावीस आलेत. त्यांचं वाढणार, तुमचं नाही वाढणार. गाडी त्यांना जाईल.” मग इकडेतिकडे बघत आवाज खाली आणून, “आपण हा पेपर सराव म्हणून धरू या का? पुढच्या गुरुवारी परत घेऊ. तुम्ही बायकांशी जरा बोलून घ्या ना.”

तेव्हाच तिला झाडूने हाकलायला हवं होतं. पण मी बायकांशी बोलून घेतलं.

चार दिवस माझ्या ओटीवर अडाणीपणाची तालीम चालली. मी प्रश्न विचारायचा, त्यांनी चुकीचं सांगायचं. सुरुवातीला जमेचना. बरोबर उत्तर आधीच तोंडातून निसटायचं आणि मागून हसण्याचा कल्लोळ. मग मात्र त्यांना गोडी लागली. नाळेला काय लावाल? गोदूबाई म्हणाली, “राख लावीन, वर शेण लावीन, त्याच्यावर हलद-कुकू वाहीन.” जुलाब झाले तर? “पाणी बंद.” पहिलं दूध? “गटारात.” मी पोट धरून हसले. जे गिळलेलं विष मी एकेकीच्या घशात बोट घालून ओकवलं होतं, तेच मी आता पुन्हा घोटून पाजत होते, आणि हसत होते. लाज कशी नाही वाटली, हा प्रश्न आता मला पडतो. तेव्हा डोळ्यांपुढे फक्त गाडी होती.

नववा प्रश्न लक्ष्मीला आला. गरोदरपणी पाय-तोंड सुजलं, डोकं दुखलं तर काय कराल? चुकीचं उत्तर मीच ठरवून दिलं होतं, “काही नाही, सूज येतेच.”

लक्ष्मीने मान फिरवली.

“बोल ना,” मी म्हटलं.

“ताई, हे नाही बोलवत मला. दुसरं काही पण विचारा.”

“अगं, तुझ्यासाठीच तर चाललंय हे सगळं. एकदा बोलून टाक. कोण लक्षात ठेवणारे?”

गुरुवारी ती बोलली. मान खाली घालून, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. रुचिता मॅडमनी मोबाइल समोर धरला आणि म्हणाल्या, “परत एकदा सांगाल? जरा मोठ्याने.” लक्ष्मीने परत सांगितलं. मी शेजारी उभी होते.

त्या परीक्षेत पाड्याला चौदा पडले. दोन महिन्यांनी, समुद्र आणून आणि पावलं मोजून झाल्यावर, सत्त्याण्णव. तिन्ही गावांत एवढी उडी कोणाचीच नव्हती.

सत्काराच्या दिवशी पाड्यात बस आली. एसी, पडदे लावलेली, आणि सकाळी आठची वेळ दिली तर पावणेआठला दारात हजर! सातव्या महिन्यातल्या लक्ष्मीला मी हात देऊन वर चढवलं. ती पायरीवर थांबली, बसकडे पाहिलं आणि म्हणाली, “येता येतं की गाडीला.” मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

हॉलमध्ये कंपनीचे विनीत सर बोलायला उभे राहिले. मागे पडद्यावर आमचे दोन खांब, चौदाचा बुटका आणि सत्त्याण्णवचा उंच. सर गहिवरले होते. म्हणाले, या माउल्यांना आजवर कोणी काही सांगितलंच नव्हतं. म्हणाले, आम्ही तिथे गेलो तेव्हा तिथे अंधार होता. मी पहिल्या रांगेत होते, हो, अकरा वर्षांचा अंधार साडी नेसून त्यांच्यासमोर बसला होता. मग सर म्हणाले, “आनंदाची गोष्ट ही, की हा पाडा आता स्वतःच्या पायावर उभा आहे. त्यांना आपली गरज उरलेली नाही. म्हणून तपासणीची गाडी आपण त्या गावाला देतोय, जे अजूनही चाळीसवर अडकलंय.”

टाळ्या झाल्या. आमच्या बायकांनीही वाजवल्या, सगळे वाजवतायत म्हणून.

मी उठून रुचिता मॅडमना गाठलं. “तुम्ही म्हणाला होतात, सर्वांत जास्त सुधारेल त्यांना.”

“हो ताई, पण बोर्डने क्रायटेरिया बदलला. आता नीड-बेस्ड आहे. मला पण कालच कळलं. प्लीज, आता स्टेजवर काही बोलू नका हं. दोन शब्द आभाराचे, बस.”

दोन शब्द! माझं डोकं फिरलं. शाल खांद्यावर पडली, माइक हातात आला आणि मी सगळं ओकले. पहिल्या परीक्षेत आम्हाला एक्क्याण्णव होते. या बायकांना सगळं येतं, मी शिकवलंय. तुम्हाला खांब उंच दिसावा म्हणून आम्ही चुकीची उत्तरं पाठ केली, माझ्या ओटीवर, चार दिवस. आम्हाला शहाणपण नको होतं, गाडी हवी होती. बोलता बोलता मला धाप लागली. वाटलं, आता कोणीतरी खाली मान घालील.

निवेदकाने माझ्या हातातून माइक अलगद काढून घेतला. “पाहिलंत?” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज खराच भरून आला होता. “पहिल्या दिवशी ज्या बायका चारचौघांत तोंड उघडत नव्हत्या, त्या आज व्यासपीठावरून आपल्याला प्रश्न विचारतायत. हेच ते परिवर्तन!”

लोक उभे राहिले. सरांना मिळाल्या नव्हत्या एवढ्या टाळ्या मला मिळाल्या. विनीत सर सर्वांत जोरात वाजवत होते. माझ्या अंगावर थुंकले असते तरी परवडलं असतं.

मी जागेवर येऊन बसले, तर रांगेत एक गुळगुळीत पुस्तिका फिरत होती, अभियानाचा अहवाल. गंगुबाईने मधलं पान उघडून धरलेलं. तिला अक्षर येत नाही, पण चेहरा ओळखता येतो. “ही बग, आमची लक्ष्मी!” ती हरखली होती. “काय लिवलंय गो? वाच ना.”

लक्ष्मी आठवी शिकलेली. तिने पान पाहिलं आणि ते माझ्याकडे वळवलं. मी वाकून वाचलं. फोटोखाली ठळक अक्षरांत होतं, ‘पायांवर सूज येणं धोक्याचं असतं, हे मला ठाऊकच नव्हतं. म्हणून मी माझं पहिलं बाळ गमावलं. अभियानाने माझे डोळे उघडले. – लक्ष्मी’.

बाळाचं ती मोबाइलसमोर कधी बोललीच नव्हती. ते मी सांगितलं होतं रुचिता मॅडमना, ओटीवर, चहा पिताना, गाडी का हवी ते समजावं म्हणून.

“वाच की गो,” गंगुबाईने तिला कोपराने ढोसलं.

आणि लक्ष्मीने वाचलं. एकेक शब्द, शाळेत वाचतात तसा, शेवटच्या नावापर्यंत. मी हात पुढे करून ते पान मिटायला हवं होतं, तेही मला सुचलं नाही.

गंगुबाईने फोटोवरून बोट फिरवलं. मग सावकाश म्हणाली, “चार वर्सं मी दुसरं काय बोलत व्हते?”

“आत्या, ते खोटं आहे,” मी म्हटलं. “आत्ता स्टेजवरून सांगितलं ना मी? आम्ही ते बोलायला लावलं तिला.”

“मंग छापलंय कशाला?”

मी लक्ष्मीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. पोटावर हात ठेवून समोरच्या पडद्यावरच्या खांबांकडे बघत होती.

गंगुबाई खुर्चीतून उठली, रांगेतून वाट काढत रुचिता मॅडमकडे गेली आणि म्हणाली, “पोरी, याच्यातलं आनखी एक देशील? माझ्या भिवाला दाखवायचंय.”

मॅडम इतक्या खूश झाल्या की त्यांनी पाच प्रती दिल्या.