हाताला सुटेल ती

तिने स्ट्रॉबेरीचं टोक चावलं, जिभेवर घोळवलं आणि बादलीत थुंकलं. पुन्हा आंबट. नुसती आंबट नाही, तुरटसुद्धा. तिने खळखळून चूळ भरली आणि पुढची उचलली.

"थुंकायचीच आहे तर खातेस कशाला?" दारातून दादाने विचारलं.

"खात नाहीये, चाखतेय. गिळत बसले तर संध्याकाळपर्यंत जीभ कामातून जाईल."

"मजा आहे. पगार घेऊन थुंकायचं!"

दादा, तिचा थोरला भाऊ, शाळेत गणित शिकवून निवृत्त झाला होता आणि चार दिवस तिच्याकडे राहायला आला होता. लाल आणि हिरवा हे रंग त्याला जन्मापासून एकसारखेच दिसत. आजही एका पायात लाल मोजा होता, दुसऱ्यात हिरवा. एरवी तिने त्याची यथेच्छ टर उडवली असती, पण आज तिचं लक्ष ठिकाणावर नव्हतं.

आज संशोधन केंद्रात तिच्या रोपांचा निकाल होता. डोंगरातल्या रानटी स्ट्रॉबेरीचे परागकण कुंचल्याने बाजारच्या जातीला लावून, एकेका फुलावर कागदी पिशवी बांधून, पिढ्यामागून पिढ्या निवडत तिने ही जात घडवली होती. बाजारच्या फळाच्या दुप्पट क जीवनसत्त्व! प्रयोगशाळा खूश होती, पण चव पाहणाऱ्या मंडळाने दोनदा नाक मुरडलं होतं. "औषध म्हणून ठीक आहे," असं त्यातले एक चष्मेवाले गृहस्थ म्हणाले होते आणि ते तिच्या जिव्हारी लागलं होतं. संचालकांनी तर साफ सांगितलं होतं, तिसऱ्यांदाही नकार आला तर वाफे उपटायचे.

मंडळ दुपारी येणार होतं आणि बशा भरायला फळं कमी पडत होती.

"दादा, कडेच्या वाफ्यातून वाडगाभर आणतोस? पिकलेली तेवढीच."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. लहानपणी परसातले टोमॅटो तोडायचे असले की त्याला टोपल्या धरायला ठेवत, आणि "दादाला काही कळत नाही" असं सगळ्यात मोठ्याने तीच ओरडायची. पण तो वाडगा घेऊन निघालाही होता.

तो परतला तशी ती वाडग्यात डोकावली. वाडग्यातली फळं काळपट होती, जवळजवळ जांभळी.

"अरे, ही काय तोडून आणलीस! ही उतरलेली आहेत. असली फळं वाफ्यातूनच थेट कचऱ्यात जातात."

"रंगाचं मला सांगू नकोस. हळूच ओढून पाहिलं, हाताला सुटली ती घेतली. अडून बसली ती सोडली. पानांखालची बरीच सुटली."

ती वाडगा घेऊन बादलीकडे वळली. पण हातात आलेलं फळ एकदा चाखायचं, ही अंगवळणी पडलेली सवय. तिने एका फळाचं टोक चावलं.

थुंकायला वाकलेली ती तशीच थांबली. मग तिने घास गिळला. उरलेलं फळ तोंडात टाकलं, मागोमाग दुसरं. हनुवटीवर आलेला रस तिने मनगटाने पुसला.

"बरी आहेस ना गं?"

"दादा, इतकी वर्षं आम्ही कच्चीच तोडत होतो!"

रानटी जातीने रंग सढळ हाताने दिला होता, आणि तो गोडीच्या कितीतरी आधी चढत होता. लाल दिसली की तोडायची, ही सगळ्यांच्या हाताला लागलेली शिस्त. पिकलेलं फळ आजवर कुणी चाखलंच नव्हतं, खुद्द तिनेही नाही.

पण पिकताना जीवनसत्त्वच उतरलं असेल तर? नुसत्या गोडीला काय करायचं? मूठभर फळं घेऊन ती प्रयोगशाळेत पळाली, मोजणीसाठी तिथल्या मैत्रिणीच्या हवाली केली आणि दादाला घेऊन वाफ्यात आली. नजर सारखी लाल फळांकडे जाई. शेवटी तिने डोळे मिटले आणि दादाच्या शेजारी बसून चाचपत तोडू लागली.

मंडळ आलं. चष्मेवाल्या गृहस्थांनी काळी फळं पाहून कपाळाला आठ्या घातल्या, एक खाल्लं आणि शेजाऱ्याची बशी स्वतःकडे ओढली. तेवढ्यात मैत्रीण धापा टाकत आत आली.

"कमी नाही, वाढलंय! दोनदा मोजलं!"

संचालक बोटं चाटत होते. "वाफे राहू देत," ते म्हणाले. "आणखी किती जागा लागेल ते सांगा."

आनंदाने तिला रडू फुटलं आणि तिने ते लपवलंही नाही.

"पण ताई, आमच्या बायकांनी पिकलेली ओळखायची कशी?" तोडणीवरच्या मुकादमबाईंनी विचारलं.

"रंगावर जायचं नाही. हे माझे दादा शिकवतील."

दुपार उतरताना सगळे वाफ्यांत डोळे मिटून बसले होते, संचालकांसकट. मधून दादा वर्गातल्यासारखा फिरत होता.

"ओढाताण नको. सुटत नसेल तर पुढे चला. साहेब, डोळे मिटा, मी बघतोय."

काम आटोपल्यावर तो तिच्याशेजारी रिकाम्या खोक्यावर टेकला. सगळ्या गडबडीत त्याने एकही फळ खाल्लं नव्हतं.

"आता एक सांग. नेमका कसा असतो गं तो रंग?"

ती सांगायला गेली आणि थांबली. वाडग्यातलं एक फळ निवडून तिने त्याच्या तळहातावर ठेवलं.

"असा."

दादाने ते तोंडात टाकलं आणि सावकाश खाल्लं.

"मग दिसतो की मला," तो म्हणाला.