कोंबडा गेल्यावरची अंडी

कुत्र्याने कोंबडा धरला तेव्हा ड्रायव्हर दाढी करत होता. एका गालावर फेस तसाच ठेवून तो परसात धावला, पण तोवर सगळं आटोपलं होतं. जाळीला खालून भगदाड, चहूकडे पांढरी पिसं, आणि त्या पिसांत उकिडवी बसलेली त्याची बायको.

ड्रायव्हर आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला. बायको घरीच शिवणकाम करायची. परसातल्या लेगहॉर्न कोंबड्या हा तिचा दुसरा संसार. मोजक्याच, पण काय रुबाब! अंग दुधासारखं, लालभडक तुरा एका डोळ्यावर कललेला, जशी काही टोपी तिरकी घातली आहे. कोंबडा तर तिने कितीतरी पिढ्या निवडून निवडून मिळवलेला. तुरा ताठ, छाती भरलेली आणि स्वभाव गरीब. या जातीचे नर फार बुजरे आणि तापट. हा मात्र तिच्या हातावरचे दाणे टिपायचा.

"संपलं म्हणायचं," ड्रायव्हर हळूच म्हणाला. "दुसरा आणू कुठून तरी."

तिने पदराने नाक पुसलं. "एवढ्यात कुठे संपलं? अजून आठवडाभर तरी कोंबड्या घालतील ती अंडी त्याचीच."

"अगं, तो तर गेला!"

"गेला. पण त्याचं बीज कोंबडीच्या पोटात काही दिवस टिकतं."

"मला बनवतेस का?"

"तुम्हाला बनवायला मला सवड आहे का आता? आधी तो फेस पुसा."

त्या दिवसापासून ड्रायव्हरच्या ताटातलं अंडं बंद झालं. प्रत्येक अंडं ती टोक खाली करून गार कोपऱ्यात ठेवायची. वेडंवाकडं, पातळ कवचाचं तेवढं बाजूला.

"एखाद्या कोंबडीखाली का नाही ठेवत?" त्याने विचारलं.

"या बायका खुडूक बसतात कुठे! अंडं घातलं की हात झटकून मोकळ्या. उबवायचं काम माझ्याच गळ्यात."

उबवणीची पेटी तिची तिनेच केली होती. थर्माकोलचा खोका, आत बल्ब, वाटीत पाणी आणि एक थर्मामीटर. शिवण टाकून ती मधूनमधून उठायची आणि एकेक अंडं अलगद फिरवायची. अंडी पेटीत ठेवल्यावर आठवड्याने तिने नवऱ्याला न्हाणीघरात नेलं, दार लावून अंधार केला आणि अंड्यामागे टॉर्च धरला. आत तांबड्या धाग्यांचं जाळं होतं. मधोमध एक ठिपका थरथरत होता.

"हलतंय गं," ड्रायव्हर कुजबुजला.

"हलणारच. जीव आहे तो."

त्यानंतर ड्रायव्हरने ऑम्लेटचं नाव काढलं नाही.

पिल्लं बाहेर यायची वेळ जवळ आली आणि नेमकी सकाळीच वीज गेली. कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता. संध्याकाळशिवाय काही खरं नाही, असं कळलं. तिने पेटीला गोधडी गुंडाळली, गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या. तरी पारा उतरतच राहिला. तिने क्षणभर डोळे मिटले.

"बेकरी," ती म्हणाली. "उचला पेटी. आणि धक्का लागता कामा नये."

"गरोदर बाई बसमध्ये चढली की मी गाडी कशी हाकायचो, ठाऊक आहे ना? तसाच चालतो."

ड्रायव्हर पेटी छातीशी धरून रस्त्याने निघाला. तो इतका सावकाश चालत होता की मागून आलेला सायकलवाला घंटी वाजवून दमला.

बेकरीवाल्याने पिठाचे हात झटकले. "वहिनी, माझ्याकडे अंडी फुटायला येतात. उबायला पहिल्यांदाच आली."

पण त्याने पीठ फुगवायची उबदार फळी तत्काळ रिकामी करून दिली. ती शेजारी स्टूल टाकून बसली. पारा चढला की पेटी मागे सरकवायची, उतरला की भट्टीकडे. घाम गळत होता, केस कपाळाला चिकटले होते. बेकरीवाल्याने पाव पुढे केला तो तिने थर्मामीटरवरची नजर न हलवता खाल्ला. ड्रायव्हर दारात उभा राहून पाहत होता. घाटातल्या वळणांवर लोक त्याची वाहवा करायचे. इतका वेळ असं चित्त एकवटून आपण कधी बसलो नाही, हे त्याला मनोमन पटलं.

अंधार पडता पडता वीज आली आणि पेटी घरी परतली. दोन दिवसांनी सकाळी आतून बारीक चिवचिव ऐकू आली. एका कवचाचा टवका उडाला होता. ड्रायव्हरचा हात पुढे झाला.

तिने तो धरला. "सोलायचं नाही. त्याचं त्याला येऊ द्या."

ते दमत होतं, थांबत होतं, पुन्हा चोच मारत होतं. दुपारी ओलं, केविलवाणं पिल्लू बाहेर कोसळलं. मग दुसरं, मग तिसरं. काही अंडी फुटलीच नाहीत. ती तिने बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी पेटीत पिवळ्या लोकरीचे गोळे लुडबुडत होते.

पुढे त्यांतून तीन नर निघाले. दोघे पाय दिसला की टोचायचे. तिसरा एके दिवशी तिच्या मांडीवर चढून डोळे मिटून बसला. ती नुसती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

आता घरी येणाऱ्याला ड्रायव्हर चहाआधी परसात नेतो. परवा बेकरीवाला म्हणाला, "काय देखणा कोंबडा आहे हो!"

"कोंबड्याचं काय घेऊन बसलात," ड्रायव्हर म्हणाला. "घडवणारी बघा."

"ऐकू येतंय मला." आत शिवणयंत्र थांबलं. "कोंबड्यांना पाणी ठेवलंत का?"

ड्रायव्हरने गडबडीने बादली उचलली.